स्वभावविशेषणे आणि प्राथमिक भाषाशिक्षण

समानार्थी शब्दांच्या जोड्या पाठ करून घेण्याची प्रथा प्राथमिक शाळांत जुनी आहे. स्वभाव सांगणाऱ्या विशेषणांच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडते. ‘काटकसरी’ आणि ‘कंजूष’ दोघेही हात राखून खर्च करतात. परंतु पहिल्या शब्दात प्रशंसा आहे, दुसऱ्यात निंदा.

दिल्ली व परिसरातील मराठी भाषक मुलांपुढे हा प्रश्न अधिक ठळकपणे उभा राहतो. हिंदीत ‘जिद्दी’ मूल म्हणजे बहुधा हट्टी मूल. मराठीत तोच शब्द अडचणींपुढे न नमणाऱ्याचा गौरव करतो. साहजिकच, घरचे कौतुक शाळेत दूषण वाटू शकते.

हा विषय केवळ व्याकरणाचा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रगतिपुस्तकात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबरच विद्यार्थ्याने केलेले स्वतःचे व सहाध्यायांचे मूल्यमापनही अपेक्षित आहे. ज्याच्यापाशी ‘चांगला’ आणि ‘वाईट’ एवढेच शब्द आहेत, त्याला ते न्याय्य रीतीने करणे कठीण जाईल.

यावरील उपाय खर्चिक नाही. ‘बोलका’, ‘बडबड्या’, ‘वाचाळ’ असे शब्द सौम्याकडून तीव्राकडे लावून घ्यावेत. प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करून घ्यावा. मुलाच्या घरच्या भाषेतील शब्दाशी त्याची तुलना करावी. बोलक्या मुलाला वाचाळ ठरविण्यापूर्वी शिक्षकांनीही हाच क्रम आठवणे हिताचे ठरेल. प्रगतिपुस्तकातील एक विशेषण मुलाला दीर्घकाळ चिकटून राहते.