खैराटच्या शाळेतले हिरवे लॅपटॉप

कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाड्यात 2007 साली प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देणाऱ्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. शाळा एकशिक्षकी, पहिली ते चौथी एकाच खोलीत!

मला यात लॅपटॉपपेक्षा गुरुजींचं कोडं जास्त रंजक वाटतं. चार इयत्ता म्हणजे एकीला शिकवायचं आणि तिघींना पाढे लिहायला बसवायचं, ही रूढ पद्धत. इथे मात्र प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असलेलं यंत्र आलं. मग मुलांचं तोंड फळ्याकडेच का हवं?

प्रकल्पाचा हा हिरवा-पांढरा ‘एक्सओ’ लॅपटॉप मुलांसाठीच घडवलेला. पडदा भर उन्हात वाचता येतो, म्हणजे वर्ग झाडाखाली भरवा. हार्ड डिस्क नाही. इंटरनेट नसलं तरी शेजारचे लॅपटॉप आपसांत जोडले जातात, आणि दोघं-तिघं एकच मजकूर मिळून लिहू शकतात. चौथीतली ताई दुसरीतल्या धाकट्याला सोबत घेऊन लिहिते, तेव्हा गुरुजी पहिलीकडे मोकळे! त्यातल्या ‘जर्नल’मध्ये मुलानं काय केलं याची नोंद आपोआप राहते, वही तपासण्यापेक्षा मला ती बोलकी वाटते. (त्यातल्याच ‘टर्टल आर्ट’ या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये कासवाला हुकूम देऊन चौकोन काढून बघाच. कोन आपोआप कळतो.)

पण नुसती यंत्रं वाटून भागत नाही. पेरू देशात याच प्रकल्पाचे लाखो लॅपटॉप वाटले; तिथल्या 319 शाळांच्या 2012 मधल्या अभ्यासात गणित-भाषेच्या गुणांत सुधारणा दिसली नाही. माझ्या मते शिक्षकांचं प्रशिक्षण आधी हवं, खोकी नंतर.