एक फाइल, अनेक पाइपलाइन्स : गिटलॅबचे ‘इन्क्लूड’ कसे चालते

३० एप्रिल २०२५ रोजी नोड १८ या आवृत्तीचा अधिकृत पाठिंबा संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्या यापुढे मिळणार नव्हत्या, म्हणून ज्यांच्या पाइपलाइन्स त्या आवृत्तीच्या डॉकर इमेजवर चालत होत्या त्यांना पुढच्या आवृत्तीवर जाणे भाग होते. बदल एका ओळीचा. पण समजा कंपनीत चाळीस रेपो आहेत आणि प्रत्येकातली पाइपलाइनची फाइल आधीच्या कुठल्या तरी प्रकल्पातून कॉपी केलेली आहे. मग तीच ओळ चाळीस ठिकाणी बदला, चाळीस मर्ज रिक्वेस्ट तपासून घ्या. त्यातही एखाददुसरा रेपो सुटतोच, कारण मधल्या काळात तिथे कोणीतरी इमेजचे नाव वेगळ्या पद्धतीने लिहून ठेवलेले असते. गिटलॅबमध्ये यावरचा उपाय ‘इन्क्लूड’ या एका शब्दात आहे, आणि तो नीट समजून घेतला तर पुष्कळ त्रास वाचतो.

प्रत्येक प्रकल्पात पाइपलाइनची एक मुख्य वायएमएल फाइल असते. तिच्यात ‘इन्क्लूड’ लिहून दुसरी वायएमएल फाइल ओढून घेता येते. ती त्याच रेपोतली असेल तर ‘लोकल’, त्याच गिटलॅबवरच्या दुसऱ्या प्रकल्पातली असेल तर ‘प्रोजेक्ट’, बाहेरच्या एखाद्या वेबपत्त्यावरची असेल तर ‘रिमोट’, गिटलॅबने स्वतः पुरवलेली असेल तर ‘टेम्प्लेट’. संस्थेच्या आतल्या कामासाठी मी ‘प्रोजेक्ट’च सुचवेन. सामायिक फाइल्सचा एक वेगळा रेपो केला की बदलांचा इतिहास, रिव्ह्यू आणि परवानग्या सगळे एका जागी राहते.

कोड पुश झाला की गिटलॅब आधी या सगळ्या फाइल्स गोळा करते, त्या एकमेकींत मिसळते आणि त्या मिश्रणातून जॉब तयार करते. रनरपर्यंत पोहोचतो तो तयार जॉब. ‘इन्क्लूड’शी त्याचा संबंध येत नाही. म्हणजे पाइपलाइन तयार झाली त्या क्षणीच तिचे कॉन्फिगरेशन गोठते. सामायिक फाइलमधली चूक तुम्ही नंतर दुरुस्त केलीत आणि पडलेल्या जॉबवर ‘रिट्राय’ दाबलेत, तर तो जुन्याच कॉन्फिगरेशनने चालेल आणि पुन्हा पडेल. दुरुस्ती लागू व्हायला नवी पाइपलाइनच सुरू करावी लागते.

आता मिसळण्याचा नियम. सर्वांत जास्त वेळ इथेच खर्ची पडतो, म्हणून सावकाश पाहू. ओढून घेतलेल्या फाइल्स लिहिलेल्या क्रमाने एकमेकींवर चढतात आणि सर्वांत शेवटी तुमच्या प्रकल्पाची फाइल चढते. एकाच नावाची गोष्ट दोन्हीकडे असेल तर शेवटची खरी. नाव-किंमत अशा जोड्या असतील, उदाहरणार्थ ‘व्हेरिएबल्स’, तर त्या नावानुसार मिसळतात : तुम्ही एक व्हेरिएबल बदलले तरी बाकीची टिकून राहतात. यादी मात्र मिसळत नाही, ती अख्खी बदलली जाते.

समजा सामायिक फाइलमध्ये ‘.नोड-चाचणी’ असा जॉब आहे. नावाच्या सुरुवातीला टिंब असलेला जॉब स्वतः चालत नाही, तो इतरांनी वापरण्यासाठीच असतो. त्याच्या ‘बिफोर-स्क्रिप्ट’मध्ये दोन ओळी आहेत : खाजगी पॅकेज रजिस्ट्रीत लॉगिन आणि मग ‘एनपीएम सीआय’. तुमच्या प्रकल्पात तुम्ही ‘युनिट-चाचणी’ हा जॉब लिहिता, ‘एक्स्टेंड्स’ने वरचा जॉब घेता आणि चाचणीचा डेटाबेस तयार करणारी एक ओळ ‘बिफोर-स्क्रिप्ट’मध्ये टाकता. ओळी तीन होतील असे वाटते. प्रत्यक्षात उरते तुमची एकच. पॅकेजेस उतरवली गेलीच नाहीत, म्हणून चाचणी ‘मॉड्यूल सापडले नाही’ म्हणत पडते, आणि माणूस तासभर पॅकेज फाइलमध्ये चूक शोधत बसतो.

यावर ‘रेफरन्स’ हा टॅग आहे, गिटलॅब १३.९ पासून. तुमच्या यादीत पहिल्या जागी त्या टॅगने मूळ जॉबची ‘बिफोर-स्क्रिप्ट’ बोलवायची आणि खाली आपली ओळ लिहायची. वायएमएलमधले अँकर इथे उपयोगाचे नाहीत, कारण अँकर ज्या फाइलमध्ये लिहिला त्या फाइलपुरताच ओळखला जातो. मिश्रण नेमके कसे झाले हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर पाइपलाइन एडिटरमध्ये पूर्ण कॉन्फिगरेशन दाखवणारा टॅब आहे. काही अनपेक्षित घडले की आधी तो उघडावा, अंदाज नंतर.

‘इन्क्लूड’ने येते ते फक्त वायएमएल. सामायिक रेपोत शेजारी ठेवलेली शेल स्क्रिप्ट त्याच्यासोबत येत नाही, कारण रनर तुमचाच रेपो क्लोन करतो. ती स्क्रिप्ट जॉबच्या डॉकर इमेजमध्ये घालणे हा मला सर्वांत स्वच्छ मार्ग वाटतो. परवानगीचेही तसेच : पाइपलाइन ज्याच्या नावाने सुरू होते त्याला सामायिक प्रकल्प वाचता आला पाहिजे. नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याची पाइपलाइन सुरूच होत नसेल, तर पहिला संशय यावर घ्यावा.

यापुढचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : कोणती आवृत्ती ओढायची? ‘प्रोजेक्ट’सोबत ‘रेफ’ लिहिता येतो. तो ब्रँच, टॅग किंवा कमिटचा पूर्ण हॅश असू शकतो. काहीच लिहिले नाही तर सामायिक प्रकल्पाच्या मुख्य ब्रँचवरचे ताजे रूप येते. म्हणजे तिथे दुपारी कोणी एक ओळ मर्ज केली की चाळीसही प्रकल्पांचे पुढचे बिल्ड बदलले, कोणाला न विचारता. सामायिक फाइल ही लायब्ररीसारखीच अवलंबून राहण्याची गोष्ट आहे आणि तिलाही आवृत्ती हवी.

टॅगसुद्धा हलवता येतो, हे विसरू नये. मार्च २०२५ मध्ये गिटहबवरील ‘टीजे-अ‍ॅक्शन्स/चेंज्ड-फाइल्स’ या लोकप्रिय अ‍ॅक्शनवर हल्ला झाला. हल्लेखोरांनी जुने आवृत्ती-टॅग घातक कमिटकडे वळवले आणि पाइपलाइनमधली गुपिते बिल्ड लॉगमध्ये छापली जाऊ लागली. ही अ‍ॅक्शन २३,००० हून अधिक रेपो वापरत होते. ज्यांनी आधीच्या चांगल्या कमिटचा पूर्ण हॅश लिहून ठेवला होता त्यांना तो वळवलेला टॅग लागू झाला नाही. म्हणून स्वतःच्या संस्थेत, संरक्षित टॅग असतील तर टॅग पुरे. बाहेरच्या कोणाची फाइल असेल तर पूर्ण हॅशच.

प्रकल्पाप्रकल्पांतला फरक व्हेरिएबल्सनी सांभाळता येतो, पण ती पाइपलाइनभर पसरतात आणि नावे एकमेकांवर आदळतात. गिटलॅबने आणलेले ‘इनपुट्स’ यापेक्षा बरे. सामायिक फाइल सुरुवातीलाच जाहीर करते की मला नोडची आवृत्ती हवी, ती अमुक प्रकारची आहे, न दिल्यास हे मूल्य धरीन. चुकीचे मूल्य दिले तर पाइपलाइन तयारच होत नाही, म्हणजे चूक अर्ध्या वाटेवर न सापडता दारातच सापडते. याच पायावर गिटलॅबचे ‘कंपोनंट्स’ उभे आहेत. मे २०२४ मधील १७.० आवृत्तीपासून त्यांचा कॅटलॉग सर्वांसाठी पूर्णपणे खुला आहे.

तुमच्या संस्थेत सामायिक फाइल्स आधीच वापरात असतील तर आज एवढे करा : सगळ्या रेपोंमध्ये ‘इन्क्लूड’ शोधा, ज्यांच्यासोबत ‘रेफ’ नाही ते वेगळे काढा, सामायिक प्रकल्पाला पहिला टॅग द्या आणि तो तिथे लिहा.