ओहोटीबरोबर निघालेली पिल्लं

महाशिवरात्रीनंतरची अमावास्या. कुणकेश्वरच्या पुळणीवर तीर्थस्नानाला आलेली माणसं अजून रेंगाळत होती. आम्ही शेजारच्या मिठमुंबरीच्या खाडीत होडी नांगरून ओहोटीची वाट बघत होतो. उधाणाचं पाणी मध्यरात्रीच्या सुमाराला काठोकाठ भरलं, थबकलं आणि समुद्राकडे ओढ घेऊ लागलं. तेव्हा प्लवकांचं, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या इवल्या जीवांचं, जाळं सोडलं: नरसाळ्यासारखं, 200 मायक्रॉन विणीचं, टोकाला बाटली बांधलेलं.

दहा मिनिटांनी जाळं ओढलं. होडीवाले काका वाकून म्हणाले, "बाय, ह्यां गढूळ पाणीच मा?"

मी पाणी काचेच्या बरणीत ओतलं आणि एका अंगाने बॅटरी लावली. पाण्यातली धूळ हळूहळू उजेडाकडे गोळा झाली. बॅटरी दुसऱ्या बाजूला नेली, तशी धूळही तिकडे निघाली. काकांनी माझ्या हातातून बॅटरी घेतली आणि स्वतः पुन्हा करून पाहिलं.

सकाळी त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात होते झोइया, खेकड्यांची पिल्लं. लांबी मिलिमीटरभर. कपाळातून खाली एक काटा, पाठीवरून वर दुसरा, भलेमोठे काळे डोळे आणि झटके देणारं शेपूट. खेकड्याचं रूप कुठेच नाही. पूर्वी झोइया हा वेगळाच प्राणी समजत. तो खेकड्याच्या अंड्यातून निघतो, हे जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी डॉक्टरांनी आयर्लंडमधल्या कॉर्कजवळ पाहिलं आणि 1828 पासून लिहून मांडलं.

कांदळवनातल्या चिखलात राहणाऱ्या अनेक खेकड्यांच्या माद्या उधाणाच्या रात्री पिल्लं पाण्यात सोडतात. अंधारात माशांना ती दिसत नाहीत आणि ओहोटी त्यांना उजाडायच्या आत खाडीबाहेर नेते. कुर्ली तर अंडी पोटाखाली घेऊन स्वतःच समुद्रात जाते. तिचं पिल्लू झोइयाच्या 5 अवस्था पार करून तीनेक आठवड्यांत डेंगेवालं मेगालोपा होतं, मग पुन्हा खाडीकडे वळतं.

बरणीत कॉपेपॉड नावाचे इवले जीवही होते. ते जन्मभर प्लवकांतच राहतात. झोइया चार दिवसांचे पाहुणे. पण या पाहुण्यांबरोबर खाडीचं धन समुद्रात उतरतं. तिवराचं गळालेलं पान खेकडा खातो, पानाची अंडी होतात, अंड्यांचे झोइया आणि लाखो झोइया तारली-बांगड्यांच्या पोटात जातात. वाचतात ते मोजकेच. बांगड्याच्या कालवणात कांदळवनाचा वाटा आहे तो असा. म्हणून खाडीत भराव पडला की समुद्राचंही ताट रिकामं होतं.

निघताना काकांनी विचारलं, कुर्लीच्या पोटाखालची अंडी आधी नारिंगी असतात, मग काळी का पडतात? आतला बलक संपत येतो आणि पिल्लांचे डोळे भरतात, मी म्हटलं. तो काळेपणा म्हणजे रात्री बॅटरीकडे धावलेल्या डोळ्यांसारखेच डोळे. काका बराच वेळ गप्प राहिले.

अशी कुर्ली जाळ्यात गावली तर तिला पाण्यात सोडावी. त्या डोळ्यांनी उजेड बघायच्या आत ती टोपात जाऊ नये.