आधी अर्धी, मग पूर्ण : पहिल्या मॅरेथॉनपूर्वीची एकवीस किलोमीटरांची परीक्षा

पाऊस ओसरला, की मिरामार ते दोनापावला या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्यांची संख्या वाढू लागते. पोदेराच्या सायकलीचा भोंगा ऐकू येण्याआधीच हातात पाण्याची बाटली घेतलेली माणसे दोघा-चौघांच्या गटाने निघालेली असतात. त्यांत शाळा-कॉलेजातले खेळाडू थोडे. बँकेत, सरकारी कार्यालयात, इस्पितळात वा दुकानात दिवस घालवणारी, पस्तिशी-चाळिशी ओलांडलेली माणसेच अधिक. यांतील अनेकांचे लक्ष्य एकच असते : जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणारी मुंबईची मॅरेथॉन. ज्यांनी ती पूर्वी पुरी केली आहे ते निर्धास्त असतात. ज्यांची ती पहिलीच आहे, त्यांच्यापुढे मात्र डिसेंबरच्या तोंडावर एक प्रश्न उभा राहतो. त्याआधी चिखली-वास्को परिसरातील शर्यतीत एकवीस किलोमीटर धावून पाहावे, की उगाच दुखापत ओढवून घेण्यापेक्षा घरच्या रस्त्यावरचा सरावच बरा?

धावून पाहावे, हेच या प्रश्नाचे उत्तर आहे. परंतु अर्धमॅरेथॉन काय सांगू शकते आणि कशाविषयी मौन पाळते, हे आधी जाणून घेतले नाही, तर तिच्यातील यशच पुढे घातक ठरते. डिसेंबरात दोन तासांत अर्धे अंतर हसतखेळत कापलेला माणूस जानेवारीत तीस किलोमीटरांनंतर रस्त्याच्या कडेला पोटऱ्या धरून बसलेला दिसतो, तो बहुधा याच गैरसमजामुळे.

पूर्ण मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ते सुमारे चाळीस किलोमीटर होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी आखलेल्या मार्गाची लांबी पुढे १९२१ मध्ये अधिकृत ठरली. त्याचे निम्मे म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. कागदावर हा हिशोब सरळ आहे. शरीराच्या हिशोबात मात्र अर्धी मॅरेथॉन ही पूर्ण मॅरेथॉनच्या निम्मी नसते.

कारण इंधनाचे आहे. धावताना स्नायू मुख्यतः दोन साठ्यांवर चालतात : चरबी आणि ग्लायकोजेन. चरबीचा साठा सडपातळ माणसाच्या अंगातही न संपणारा असतो, पण त्यातून ऊर्जा मिळण्याचा वेग मंद. ग्लायकोजेन म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर. ती त्वरित उपयोगी पडते, परंतु तिचा एकूण साठा पाचशे ग्रॅमांच्या आसपास, म्हणजे सुमारे दोन हजार कॅलरी इतकाच. शिवाय हातांच्या स्नायूंतील साखर पायांना उसनी मिळत नाही. धावण्याचा खर्च ढोबळमानाने दर किलोग्रॅम वजनामागे, दर किलोमीटरला एक कॅलरी. सत्तर किलो वजनाच्या माणसाला अर्ध्या मॅरेथॉनसाठी सुमारे दीड हजार कॅलरी लागतात आणि त्यांतला काही भाग चरबीतून येतो. म्हणजे साठा पुरून उरतो. पूर्ण मॅरेथॉनसाठी लागतात सुमारे तीन हजार. वेग थोडा जरी जास्त ठेवला तरी चरबीचा वाटा घटतो, साखर भराभर जळते आणि तीस-बत्तीस किलोमीटरांच्या आसपास साठा तळाला जातो. धावपटू ज्याला ‘भिंत’ म्हणतात ती हीच. पाय शिशाचे होतात, डोके चालेनासे होते, साधी बेरीजही जमत नाही. अर्धमॅरेथॉनमध्ये ही भिंत वाटेत येतच नाही. त्यामुळे ‘अर्धी झाली, आता दुप्पट करायची’ हा विचार जितका सोपा तितकाच फसवा.

मग अर्धमॅरेथॉनचा उपयोग काय? पहिला उपयोग अंदाजाचा. अमेरिकी अभियंता पीट रीगेल यांनी १९७७ मध्ये एक सूत्र मांडले. एका अंतराची वेळ ठाऊक असल्यास दुसऱ्या अंतराची वेळ त्यावरून काढता येते. अंतर दुप्पट झाले, तर वेळ दुप्पट न होता सुमारे २.०८५ पट होते. केनियाचा एलिउड किपचोगे पूर्ण मॅरेथॉनकडे वळला तो ट्रॅकवरून, आणि त्यानेही थेट उडी घेतली नाही. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधील लील येथे तो पहिली अर्धमॅरेथॉन ५९ मिनिटे २५ सेकंदांत धावला. २०१३ च्या फेब्रुवारीत बार्सिलोनात आणखी एक, १ तास ४ सेकंदांत. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये हॅम्बर्गला पहिली पूर्ण मॅरेथॉन २ तास ५ मिनिटे ३० सेकंदांत जिंकली. बार्सिलोनाची वेळ रीगेलच्या सूत्रात घातली, तर उत्तर येते २ तास ५ मिनिटे १४ सेकंद. सोळा सेकंदांचा फरक! सूत्राच्या बाजूने यापेक्षा देखणे उदाहरण सापडणे कठीण.

पण हे उदाहरण किपचोगेचे आहे, हे विसरून चालत नाही. आठवड्याला दीडदोनशे किलोमीटर धावणाऱ्या शरीराला सूत्र लागू पडते. आठवड्याला चाळीस किलोमीटर जेमतेम जमवणाऱ्याला ते कितपत लागू पडेल? अँड्र्यू व्हिकर्स आणि एमिली व्हर्टोसिक या संशोधकांनी २०१६ मध्ये दोन हजारांहून अधिक हौशी धावपटूंच्या वेळा तपासल्या. अर्ध्या मॅरेथॉनपर्यंत सूत्राचे अंदाज ठीक निघाले. पूर्ण मॅरेथॉनच्या बाबतीत मात्र निम्म्या धावपटूंसाठी सूत्राने सांगितलेली वेळ प्रत्यक्षापेक्षा किमान दहा मिनिटांनी कमी भरली.

समजा, मडगावची एक शिक्षिका दोन तासांत अर्धमॅरेथॉन पुरी करते. म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटे एकेचाळीस सेकंद. सूत्र तिला चार तास दहा मिनिटांचे आमिष दाखवील. किलोमीटरला पाच मिनिटे छप्पन्न सेकंद. पहिलीच वेळ असेल, आठवड्याचे अंतर कमी असेल, तर तिने साडेचार तासांचे गणित मांडणे शहाणपणाचे. म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटे चोवीस सेकंद. हा फरक दिसायला अर्ध्या मिनिटाचा. पण पहिल्या वीस किलोमीटरांत तो पाळणाऱ्याचे शेवटचे दहा किलोमीटर निराळेच जातात. मुंबईच्या मार्गावर परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ ज्या टप्प्यावर भेटतो, त्याची धास्ती धावपटू वर्षानुवर्षे बाळगत आले आहेत. तेथे चालावे लागते की धावता येते, हे पहाटेच्या अंधारातल्या पहिल्या तासाभरातच ठरलेले असते.

अर्धमॅरेथॉन कशी धावावी, हे ती मुख्य शर्यतीच्या किती आधी आहे यावर अवलंबून ठेवावे. आठ-दहा आठवडे हाती असतील, तर मन लावून, पूर्ण ताकदीने धावावे. खरी तयारी किती झाली आहे ते कळते आणि उणीव भरून काढायला वेळही उरतो. चार-पाच आठवडेच असतील, तर ताकद पणाला लावण्यात अर्थ नाही. जोराने धावलेल्या शर्यतीनंतर दर मैलामागे एक दिवस हलक्या सरावाचा, असा जुन्या धावपटूंचा ठोकताळा आहे. तेरा मैलांच्या अर्धमॅरेथॉनला तो लावला, तर जवळजवळ दोन आठवडे जातात. ऐन मोक्याच्या वेळी हे दोन आठवडे गमावणे परवडत नाही. अशा वेळी पहिले चार-पाच किलोमीटर सावकाश, मधला मोठा टप्पा जानेवारीसाठी ठरवलेल्या वेगाने, आणि शेवटी अंगात बळ उरले असेल तरच थोडी गती, अशी आखणी उत्तम. अनुभवी मंडळी शर्यतीआधीच सहा-सात किलोमीटर सावकाश धावून घेतात आणि एकूण अंतर अठ्ठावीसच्या घरात नेतात. ज्यांनी सरावात पंचवीस किलोमीटर आधी कापले आहेत, त्यांनीच हा प्रयोग करावा.

ठरवलेला वेग पाळणे सोपे नसते. ढोल वाजत असतात, बाजूने शेजारच्या गटातला ओळखीचा माणूस पुढे निघून जातो, नाव पुकारले जाते. पहिला किलोमीटर नेहमीच वेगाने जातो. हा मोह एकदा अनुभवून आवरायला शिकणे, हा या शर्यतीचा एक मोठाच लाभ; एकट्याने धावताना तो मिळत नाही.

दुसरा लाभ तालमीचा आहे, आणि नवख्याला तो वेळेच्या अंदाजाहूनही मोलाचा. पहाटे तीनला उठून काय खावे? कुणाला उकड्या तांदळाची मऊ पेज मानवते, कुणाला पाव आणि केळे, कुणाला काहीच नको वाटते. शर्यतीत पोट बिघडले, की उत्तम फुफ्फुसांचाही उपयोग नसतो. दीड-दोन तासांपलीकडच्या धावेत ताशी तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत, असे साधारण मार्गदर्शन आहे. एका मध्यम केळ्यातून सुमारे पंचवीस ग्रॅम मिळतात. बाजारात मिळणाऱ्या जेलच्या एका पुडीतूनही जवळपास तितकेच. परंतु धावताना चिकट गोड जेल गिळणे ही एक सवय आहे आणि ती आधी लावून घ्यावी लागते. जी पुडी जानेवारीत वापरायची तीच डिसेंबरात, तितक्याच अंतराने घेऊन पाहावी. तेच बुटांचे. कोरे करकरीत बूट घालून शर्यतीला उभे राहण्याची हौस नखे काळी करते. काखेत आणि मांड्यांत कापड घासून होणारी जखम दहा किलोमीटरांत जाणवतही नाही. ती पंधराव्यानंतर बोलू लागते. व्हॅसलीन कुठे लावायचे राहिले, हे अंघोळीच्या वेळी पहिला तांब्या अंगावर घेतला की नेमके समजते.

पाण्याचा प्रश्न गोव्यात अधिक गंभीर आहे. डिसेंबरची पहाट थंड भासली, तरी किनाऱ्याच्या हवेत दमटपणा असतो. घाम येतो, पण लवकर सुकत नाही. सुकला नाही तर अंग थंड होत नाही. त्याच वेगासाठी हृदयाचे ठोके किलोमीटरागणिक वाढत जातात. म्हणून पाणी हवेच. पण प्रत्येक टेबलावर थांबून पोटभर पिणे हा त्यावरचा उपाय नव्हे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेवर ४८८ धावपटूंचे रक्त तपासण्यात आले, तेव्हा त्यांतील १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियमचे प्रमाण सामान्यापेक्षा खाली गेलेले आढळले. तिघांची स्थिती तर अत्यंत चिंताजनक होती. शर्यतीत वजन वाढणे, म्हणजे घामावाटे गेले त्याहून अधिक पाणी पिणे, याचा या घसरणीशी निकटचा संबंध दिसला. सावकाश धावणाऱ्यांना हा धोका अधिक, कारण पिण्यासाठी त्यांच्याकडे वेळ अधिक असतो. तहान लागेल तसे घोट घ्यावेत, आणि केवळ पाण्याऐवजी अधूनमधून मीठ-साखरेचे लिंबूपाणी किंवा क्षारपेय घ्यावे. सरावाच्या धावेआधी आणि नंतर वजन करून पाहिले, तर आपल्या घामाचा अंदाज घरच्या घरी मिळतो.

शर्यत निवडताना मार्गही पाहावा. २०१२ पासून होत असलेली साताऱ्याची डोंगरवाटेची अर्धमॅरेथॉन गोव्यातील अनेकांना खुणावते. यवतेश्वराचा घाट चढून पुन्हा उतरायचा, असा तिचा मार्ग. मांड्यांना आणि मनाला तिच्याइतका कस लावणारी दौड जवळपास नाही. मात्र तिथली वेळ सूत्रात घालून मुंबईचा अंदाज काढणे व्यर्थ. अंदाज हवा असेल तर मुख्य शर्यतीशी मिळताजुळता रस्ता आणि हवामान असलेलीच दौड निवडावी. मनगटावरील घड्याळ शर्यतीत एकवीसऐवजी साडेएकवीस किलोमीटर दाखवील, यावरून आयोजकांशी वाद घालू नये. मार्ग मोजला जातो तो कमीत कमी अंतराच्या रेषेने. गर्दीतून नागमोडी धावणारा माणूस खरोखरच जास्त धावलेला असतो. पूर्ण मॅरेथॉनमध्ये ही वाढ आणखी मोठी होते, तेव्हा वेळेच्या हिशोबात तिला जागा ठेवावी.

अर्धमॅरेथॉनचा तिसरा उपयोग अप्रिय आहे आणि म्हणून त्याची चर्चा होत नाही. कधी कधी ही दौड ‘यंदा नको’ असे सांगते. पंधराव्या किलोमीटरनंतर गुडघ्यात उठलेली कळ चार दिवसांनीही जिना उतरताना जाणवत असेल, किंवा ठरवलेला वेग सोपा वाटायला हवा होता तिथे शेवटचे पाच किलोमीटर फरपटत काढावे लागले असतील, तर पाच आठवड्यांत चमत्कार घडत नाही. धावताना छातीत दडपण येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, ठोके अनियमित वाटणे, यांपैकी काही झाले असल्यास पुढचा टप्पा रस्त्यावर नव्हे, तर डॉक्टरांकडे. चाळिशी उलटलेल्यांनी, विशेषतः मधुमेह, रक्तदाब वा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी, ही तपासणी खरे तर सरावाला आरंभ करतानाच करून घ्यायला हवी. नोंदणीचे पैसे गेले, मित्रमंडळींना सांगून झाले, विमानाचे तिकीटही काढले, ही कारणे माणसाला चुकीच्या दिशेने ढकलतात. पूर्ण मॅरेथॉन पुढल्या वर्षीही असते.

ज्यांना दौडीने होकार दिला, त्यांनी पुढचा आठवडा संथ ठेवावा : पहिले दोन-तीन दिवस केवळ चालणे, मग हलकी धाव. त्यानंतर पाळी येते तीस-बत्तीस किलोमीटरांच्या एका दीर्घ सरावाची. तो मुख्य शर्यतीच्या तीन आठवडे आधी व्हावा, म्हणजे नंतरचे आठवडे अंतर हळूहळू कमी करत नेता येते. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी अर्धमॅरेथॉन आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई असा हिशोब धरला, तर हा दीर्घ सराव नाताळ आणि नववर्ष यांच्यामधल्या रविवारी येतो. शेजाऱ्यांकडून बेबिंका आणि दोदोलची ताटे येत असतात, रात्री उशिरापर्यंत गाणी चालू असतात, किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर सकाळी सातपासूनच वाहनांची रीघ लागते. त्या दिवशी पहाटे चारलाच घर सोडावे, अंगावर चकाकणारी पट्टी लावावी आणि कुणीतरी सोबतीला घ्यावे.