पिशवी दाबायची नाही

पहाटे ४.४०
चूळ भरून मावशी गॅस पेटवतात. एका शेगडीवर चहा, दुसरीवर तवा. ज्वारीच्या सात भाकऱ्या. दोन डब्यात, बाकी घरच्यांना. सोबत शेंगदाण्याची चटणी. बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात. भाकरी थापताना त्या पिठानं भरून जातात. ‘हायपोनं पडत्यात,’ मावशी सांगतात.

वय बावन्न. मिरजेतल्या एका दवाखान्यात सफाईचं काम, ठेकेदाराकडून. सहावं वर्ष. नाव लिहू नका म्हणाल्या. वॉर्डात सगळे मावशीच म्हणतात, मीही तेच लिहिते.

५.५०
वडाप भरल्याशिवाय सुटत नाही. जायला वीस रुपये, यायला वीस. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर एक हजार चाळीस. मावशींचा पगार कागदावर बारा हजार. फंडाचे एक हजार चारशे चाळीस आणि ईएसआयचे नव्वद कापून हातात दहा हजार चारशे सत्तर. त्यातून वडाप वजा करायचं. हा हिशोब मावशींनी तोंडी सांगितला. मला कागद लागला.

मागच्या वर्षी माझे वडील अशाच एका वॉर्डात अकरा दिवस होते. रोज सकाळी लादी लख्ख असायची. ती कोण पुसतं, हे मी एकदाही पाहिलं नाही. म्हणून आज आले.

६.४०
जिन्याखालची खोली. खिळ्यावर निळी साडी, एप्रन, मास्क. मावशींच्या हातात दोन प्लॅस्टिकच्या बांगड्या, त्याही काढून डब्याच्या पिशवीत टाकतात. काचेच्या बांगड्या सणालाच. काचेनं मोजा फाटतो.

हातमोजे दोन तऱ्हेचे. पातळ पांढरे पेटीतून मिळतात. जाड रबरी मोज्यांचा एकच जोड, तो महिनाभर पुरवायचा. गमबूट आठ नंबरचे. मावशींचा पाय पाच नंबरचा. पुढं चिंधी कोंबून त्या चालतात. ओल्या लादीवर पाय सरकतो, म्हणून पावलं छोटी टाकतात.

७.००
आधी हायपो. सोडियम हायपोक्लोराइट हे नाव कॅनवर आहे, तोंडात हायपोच. कॅनवर दहा टक्के लिहिलंय. वॉर्डात एक टक्का लागतं. कापलेल्या फिनेलच्या बाटलीचं माप. एक माप हायपो, नऊ मापं पाणी. रोज ताजं करायचं, कालचं ओतून द्यायचं. ठेवलं की त्यातला क्लोरीन उडतो आणि नुसतं वासाचं पाणी उरतं. ‘वासावर जाऊ नगासा,’ मावशी म्हणतात. ‘वास हाय म्हंजे ताकद हाय असं न्हाई.’

७.३०
पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड. अठ्ठावीस खाटा. आधी कोरडा झाडू नाही, धूळ उडते. ओला मॉप, आतून दाराकडं. खाटेखाली वाकायचं, लॉकर सरकवायचं, परत लावायचं. एका खाटेला दोन मिनिटं. अठ्ठावीस खाटांचा जवळजवळ तास.

भिंतीला रंगांचा तक्ता आहे. मावशी तो न बघता म्हणतात, पाढ्यासारखा. रक्ताचा कापूस पिवळ्यात. सलाइनची नळी, लघवीची पिशवी लालमध्ये. काच निळ्यात. सुई पांढऱ्या डब्यात, तो डबा टोचून फुटत नाही असा. २०१६चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम सांगतात की हे निवडायचं काम जिथं कचरा होतो तिथंच व्हायचं. म्हणजे ज्यानं सुई वापरली त्यानं ती पांढऱ्या डब्यात टाकायची. मावशींनी निवडून झालेलं उचलायचं. कागदावर त्यांचं काम एवढंच.

८.२०
नऊ नंबरच्या खाटेवर रक्ताची उलटी. लादीवर ताटाएवढं थारोळं, खाटेच्या पायापर्यंत. पेशंट अथणीकडचा. त्याची बायको घाबरून स्वतःच्या पदरानं पुसायला खाली बसते. मावशी लांबूनच हात वर करतात, ‘ब्याड अक्का, ब्याड.’ मिरजेत दवाखान्यात काम करायचं तर कानडीचे चार शब्द यावेच लागतात.

मग घाई नाही. मास्क वर. पातळ मोजे, त्यावर जाड मोजे. वाटेत स्टूल आडवं, म्हणजे कुणाची चप्पल त्यातून जाणार नाही. जुनं वर्तमानपत्र थारोळ्यावर पसरायचं. कागद रक्त पितो. वरून हायपो, कडेकडेनं मधे. मग घड्याळाकडं बघत उभं राहायचं. दहा मिनिटं.

ही दहा मिनिटं अवघड. नातेवाईक म्हणतात, पुसा की लवकर. एक जण म्हणतो, नुसत्याच उभ्या काय. मावशी उत्तर देत नाहीत. दहा मिनिटं झाल्यावर कागद बाहेरून आत गोळा करतात. सुपलीत, सुपलीतून पिवळ्या पिशवीत. पुन्हा हायपोचा मॉप. मग साबणाचं पाणी. मॉपचं फडकं वेगळ्या बादलीत भिजत. मोजे काढताना वरची कड धरून उलटे, बाहेरची बाजू हाताला लागू न देता. हात कोपरापर्यंत धुतात.

सव्वीस मिनिटं लागली. त्या बाईनं हात जोडले. मावशींनी तिच्या पदराकडं बोट दाखवलं. पदराच्या टोकाला रक्त लागलं होतं. तिला नळापाशी नेऊन साबण दिला.

१०.०५
चहा. दहा रुपयांचा, दवाखान्याबाहेरच्या टपरीवर. मावशी डावा तळहात उघडून दाखवतात. अंगठ्याखाली एक ठिपका. खूण म्हणून दाखवतात, मला काही दिसत नाही.

दोन वर्षांमागची गोष्ट. पिवळी पिशवी गच्च भरली होती. तोंड बांधता येईना म्हणून त्यांनी वरून दाबली. सुई मोज्यातून आत गेली. नळाखाली साबणानं धुतलं. पिळायचं नाही, चोखायचं नाही, हे माहीत होतं. सिस्टरनं लगेच डॉक्टरकडं पाठवलं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, सुई कुणाची?

याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. पिशवीत अख्ख्या वॉर्डाचा कचरा. पेशंट माहीत असता तर त्याचं रक्त तपासता आलं असतं. पिशवीतल्या सुईला नाव नसतं. म्हणून त्याच संध्याकाळी गोळ्या सुरू झाल्या. बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितक्या बऱ्या. अठ्ठावीस दिवस. मळमळ, तोंडाला कडू चव. घरी सांगितलं, पित्त झालंय.

टोचलेली सुई बाधित माणसाची असली, तर एचआयव्ही होण्याचा धोका साधारण तीनशेत एक. ‘ब’ काविळीचा, लस घेतलेली नसेल तर, याच्या कितीतरी पट. काविळीची लस तीन डोसांची, शेवटचा सहा महिन्यांनी. मावशींचे दोन झाले होते. पाचव्या महिन्यात ठेकेदार बदलला. नवा म्हणाला, रजिस्टर जुन्याकडं आहे. तिसरा राहिला. टोचल्यावर मग मिळाला.

सहा आठवड्यांनी रक्त तपासलं, तीन महिन्यांनी पुन्हा. काही निघालं नाही. दोन दिवस कामावर आल्या नव्हत्या, त्याचे आठशे कापले गेले.

‘तवापासनं पिशवी दाबत न्हाई मी,’ त्या म्हणतात आणि कप विसळून ठेवतात. टपरीवाल्याचा कप आहे, विसळायची गरज नव्हती.

११.१५
संडास-बाथरूम. चार संडास, दोन मोऱ्या. इथं ॲसिड लागतं. हायपोचा कॅन बाहेरच ठेवतात, दाराच्या पलीकडं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. पहिल्या वर्षी हे कुणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी दोन्ही ओतलं आणि डोळे, छाती जळायला लागली. बाहेर येऊन भिंतीला टेकून बसल्या. हे ज्ञान तिथं मिळालं.

नियमात प्रशिक्षण आहे. कामावर घेताना एकदा, मग दर वर्षी. आरोग्य तपासणीही तशीच. या वर्षी प्रशिक्षण झालं का, विचारलं. ‘सही घेतल्या,’ मावशी म्हणाल्या.

तिसऱ्या संडासात पाणी तुंबलंय. सुपरवायझर दारातून बघून म्हणतो, हात घालून बघा, कापड असंल. मावशी आकडा लावलेली काठी आणतात. दहा मिनिटं खालीवर करतात. कापूसच निघतो, गोळा होऊन. सुपरवायझर तोवर गेलेला असतो.

१२.३५
पिशव्या बांधायची वेळ. तीन हिस्से भरली की बांधायची, चौथा मोकळा. मावशी पिवळी पिशवी गळ्याला धरून उचलतात, पायापासून लांब. बुडाला हात देत नाहीत. अंगाला टेकू देत नाहीत. उचलली की एकदा उजेडाकडं धरून बघतात.

आज बघताना थांबल्या. पिशवीच्या कुशीतून बारीक टोक बाहेर आलंय. खिडकीच्या उजेडात चमकलं म्हणून दिसलं.

पिशवी हळू खाली ठेवतात. हात मागं. ‘सिस्टर, जरा येता का.’

इनचार्ज सिस्टर येतात, वाकून बघतात. ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर कोण होतं, विचारतात. पाच मिनिटांत एक तरुण डॉक्टर येतो. डोळे सुजलेले, काल सकाळपासून ड्यूटीवर. टाके घालून झाल्यावर सुई कापसात गुंडाळली गेली असणार. पांढरा डबा ट्रॉलीपासून चार पावलांवर होता.

मावशी बोलत नाहीत. बाजूला उभ्या राहतात. डॉक्टरच मोजे चढवतो, पिशवी उघडतो, चिमट्यानं कापूस बाजूला करतो. वाकडी छोटी सुई, अर्धवट दोऱ्यासकट. पांढऱ्या डब्यात टाकतो. सिस्टर मावशींना न विचारता तो डबा उचलून ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ठेवतात.

‘सॉरी मावशी,’ डॉक्टर म्हणतो.

‘जेवलासा का?’ मावशी विचारतात. तो मान हलवतो. जेवला नव्हता.

फाटक्या पिशवीवर दुसरी पिशवी चढते. गाठ बसते.

१.३०
जिन्याखाली डबा उघडतो. भाकरी, चटणी, एक कांदा. मी सकाळपासून मनात असलेलं विचारते. हे रक्त, ही घाण, तुम्ही का करावं? नाही म्हणायला नको का?

मावशी भाकरीचा तुकडा मोडून थोडा वेळ तसाच धरतात. मग सांगतात. सासू पाटीचं काम करायची, डोक्यावरनं. तिला कुणी विचारलं नाही, करशील का. ‘आमी रक्त पुसतो, उलटी काढतो. माणूस आजारी हाय, त्येचं काय चुकलं? कुणीतरी करणारच की. पर बघून करायला मिळावं. न बघता हात घालायला लावू नये. येवढंच.’

मी सकाळपासून पाहिलेलं यात बसतं. थारोळ्यापाशी मावशी घाबरल्या नव्हत्या. ते समोर होतं, कशानं मारायचं ते हातात होतं, दहा मिनिटं होती. पिवळ्या पिशवीपाशी मात्र त्यांचा श्वास थांबलेला मी ऐकला. तो धोका मावशींच्या कामात नव्हता. चार पावलं कुणी चाललं नाही, म्हणून तो त्यांच्यापर्यंत आला. चार पावलांचा पगार ज्याला मिळतो त्यानं ती चालायची, एवढीच मागणी आहे. मला ती रास्त वाटते, आणि कमीही.

२.२०
मागच्या अंगणातली कचऱ्याची खोली. टांगता काटा. पिवळी साडेचौदा किलो, लाल नऊ. पिशव्यांवर बारकोडचे स्टिकर. रजिस्टरात आकडे. अठ्ठेचाळीस तासांच्या वर इथं ठेवता येत नाही, पण गाडी रोजच येते. गाडीवरचा पोरगा वीस-बावीस वर्षांचा. हातात पातळ मोजे, तेच पेटीतले. पिशवी उचलून खांद्याकडं नेतो.

‘खांद्यावर न्हाई रं,’ मावशी ओरडतात. ‘गळ्याला धर. आज सुई निघालीया एकीत.’

पोरगा पिशवी खाली घेतो. गळ्याला धरतो. अंगापासून लांब.

३.१०
सुट्टी. जाड मोजे धुऊन खिळ्याला उलटे टांगलेत. हाताला खोबरेल, छोट्या बाटलीतलं, घरून आणलेलं. चिरांना झोंबतं. परतीचं वडाप भरायला अर्धा तास लागतो.

४.२५
घरी आल्या आल्या न्हाणीत. नातू उंबऱ्यात उभा राहून हात पसरतो. त्याला शिवत नाहीत. आधी डोक्यावरनं पाणी, कपडे वेगळ्या बादलीत. मग त्याला उचलतात.

७.१५
मावशींच्या मालकांना साखरेचा आजार. जेवणाआधी पोटात इन्सुलिन, मावशीच टोचतात. एक सिरिंज आठ रुपयांची. डॉक्टरांनी रोज नवी सांगितलीय. इथं एक तीन दिवस चालते. आज तिचा तिसरा दिवस.

टोचून झाल्यावर मावशी फळीवरची तेलाची रिकामी बाटली काढतात. जाड प्लॅस्टिकची, बुचाची. आत दहा-बारा सुया. भरली की सिस्टरना विचारून वॉर्डातल्या पांढऱ्या डब्यात रिकामी करतात.

कचऱ्यात टाकली असती तर चाललं असतं, मी म्हणते. गावात घंटागाडी येते.

‘घंटागाडीवर बाई हाय,’ मावशी म्हणतात. ‘ती हातानं निवडती.’

सुई बाटलीत पडते. मावशी बूच घट्ट फिरवतात आणि बाटली परत फळीवर ठेवतात, नातवाचा हात पोचणार नाही अशी.