दाढेचं दुखणं आणि कानातलं गाणं

दंतवैद्याच्या दवाखान्यात बाकावर बसलेला माणूस आणि परीक्षेच्या वर्गाबाहेर उभा असलेला विद्यार्थी, दोघांचे चेहरे बरेचसे सारखे दिसतात. तळहात ओले, घसा कोरडा आणि नजर दाराकडे. आतून मशीनची बारीक शीळ ऐकू आली की उरलंसुरलं अवसानही गळतं. खरं तर अजून कुणी दाताला हातही लावलेला नसतो. म्हणजे दाताच्या भीतीची सुरुवात पुष्कळदा कानातून होते. मग त्याच कानाचा उपयोग भीती उतरवण्यासाठी करता येईल का, हा आजच्या भाषणाचा विषय.

ही शीळ आहे एअरोटरची. १९५७ साली अमेरिकेत डॉ. बॉर्डन यांनी हवेच्या दाबावर फिरणारं हे यंत्र आणलं. मिनिटाला सुमारे तीन लाख फेरे! जुन्या, पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रापेक्षा काम झटपट होऊ लागलं, हादरे कमी झाले. रुग्णाच्या मनात मात्र आवाज घर करून बसला.

भीतीला हसून चालत नाही. माणूस घाबरला की ॲड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, जबड्याचे आणि मानेचे स्नायू ताठ होतात आणि साधा स्पर्शही टोचल्यासारखा वाटतो. शिवाय घाबरणारा माणूस दवाखाना टाळतो. लवंगेचं तेल, वेदनाशामक गोळी, 'बघू पुढच्या महिन्यात' असं करता करता एका बैठकीत बुजवता आली असती ती कीड मुळापर्यंत पोचते. मग रूट कॅनाल, नाहीतर दाढ काढणं. तोपर्यंत सूज आलेली असते, उपचार खरोखरच दुखतो आणि 'मी म्हणत नव्हतो?' म्हणून भीती आणखी पक्की होते. तंबाखू, गुटखा खाणाऱ्यांच्या बाबतीत तर ही टाळाटाळ जिवावर बेतू शकते. तोंडातला पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत बरी न होणारी जखम वेळेवर दिसली, तर कर्करोग लवकर पकडता येतो. पण ती दिसायला आधी माणसाने खुर्चीत बसायला हवं.

ही भीती मोजताही येते. १९६९ साली नॉर्मन कोरा यांनी चार साध्या प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. १९९५ साली तिच्यात भुलेच्या सुईबद्दलचा पाचवा प्रश्न घालून सुधारित मोजपट्टी तयार झाली. उत्तरांना १ ते ५ गुण असतात. पंचविसापैकी एकोणीस किंवा अधिक गुण पडले, तर त्या माणसाची भीती फार मोठी आहे, असं समजतात.

आता संगीताकडे वळू. १९५९ साली अमेरिकेतले दंतवैद्य वॉलेस गार्डनर आणि ध्वनीचे अभ्यासक जे. सी. आर. लिकलायडर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लिकलायडर पुढे संगणकांच्या जाळ्याची कल्पना मांडणारे म्हणून गाजले, ते हेच. रुग्णाच्या कानाला हेडफोन आणि हातात आवाजाची कळ. एरवी संगीत ऐकायचं. दुखेलसं वाटलं की कळ फिरवून धबधब्यासारखा घोष वाढवायचा. पुष्कळ रुग्णांची कामं भुलेशिवाय झाली, असा त्यांचा अनुभव होता. त्या काळी याचा मोठा गाजावाजा झाला.

पुढे १९६३ साली मेलझॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची नीट परीक्षा घेतली. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून माणूस किती वेळ सोसतो, ते पाहिलं. नुसत्या मोठ्या आवाजाने सोसण्याची ताकद वाढली नाही. नुसत्या 'दुखणार नाही हं' अशा आश्वासनानेही नाही. दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र वाढली. यातून शिकण्यासारखं हे, की संगीत म्हणजे भुलेचं इंजेक्शन नव्हे. ते मनाला धरायला दुसरी जागा देतं, आणि भरवशाच्या शब्दाची जोड मिळाली तर अधिक काम करतं.

शस्त्रक्रियेआधीच्या भीतीवर संगीताचा काय परिणाम होतो, याचा कोक्रेन संस्थेचा आढावा २०१३ साली आला. २६ चाचण्या, दोन हजारांवर रुग्ण. संगीताने भीती कमी होऊ शकते, असा त्याचा निष्कर्ष होता. पुराव्याच्या मर्यादाही त्यात सांगितल्या होत्या. कारण उघड आहे. गोळी कोणती दिली ते रुग्णापासून लपवता येतं, गाणं कसं लपवणार?

मग कोणतं संगीत ऐकावं? अमुक रोगावर तमुक राग अशा याद्या आपल्याकडे फिरतात, त्यांच्या मागे लागू नये. ज्याला जे आवडतं, ते त्याचं औषध. कुणाला बासरी, कुणाला अभंग, कुणाला जुनी नाट्यगीतं. आजोबांना भजन लावून नातवालाही तेच ऐकवलं, तर तो पळूनच जाईल. साधारणपणे संथ लयीचं, एकदम न उसळणारं, ओळखीचं संगीत बरं.

काही गोष्टी मात्र पाळाव्यात. गाणी घरूनच निवडून आणावीत. खुर्चीत बसून शोधू नयेत. खुर्चीत बसण्याआधी, बाकावर असतानाच ऐकायला सुरुवात करावी, कारण भीती तिथेच चढते. इअरफोन स्वतःचा असावा. आवाज इतका ठेवावा, की डॉक्टरांचं 'तोंड उघडा', 'चूळ भरा' ऐकू येईल. मशीनचा आवाज बुडवण्यासाठी गाणं मोठं करत जाऊ नये. आणि सुरुवातीलाच ठरवून घ्यावं, की डावा हात वर केला की डॉक्टर थांबतील. आपल्या हाती थांबवण्याची खूण आहे, एवढ्या जाणिवेनेही धीर येतो.

दुखलं तर ते सोसत गाणं ऐकत बसू नका. हात वर करा, भूल वाढवून घ्या. ज्यांची भीती फारच मोठी आहे, त्यांनी ती डॉक्टरांना आधीच सांगावी. तिच्यावर वेगळे उपचार आहेत. यात लाजण्यासारखं काही नाही.

कीड गाण्याने बरी होत नाही. पण गाण्याच्या आधाराने एखादा माणूस सहा महिने आधी दवाखान्याची पायरी चढला, तर त्याची दाढ वाचू शकते. तेव्हा दाढ ठणकायची वाट न पाहता वेळ ठरवा, आणि निघताना आवडीची चार गाणी सोबत घ्या.