चप्पल मिलानला पोहोचली, पण गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत कसं पोहोचणार?



२२ जून २०२५ चा दिवस आठवतोय का? इटलीत मिलानमध्ये प्राडाचा फॅशन शो झाला आणि रॅम्पवरच्या मॉडेलच्या पायात दिसली आपली कोल्हापुरी! नाव मात्र 'लेदर सँडल'. कोल्हापूरचा उल्लेखच नाही. मग काय, दोन दिवसांत सगळ्यांच्या मोबाईलवर तोच फोटो. लोकांनी एवढं लावून धरलं की प्राडानं महाराष्ट्र चेंबरला पत्र लिहून मान्य केलं, या चपलेची प्रेरणा भारतीय हस्तकलेतूनच घेतली आहे. जुलैत त्यांची टीम कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरमध्ये लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या महामंडळांशी करार जाहीर झाला. सुमारे दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, आणि एका जोडाची किंमत साधारण ८०० युरो!

बातमी सगळ्यांनी वाचली. मला तुमचं लक्ष दुसरीकडे वेधायचंय.

त्या आठवड्यात पुण्यात, नागपुरात, दुबईत बसलेल्या माणसानं मोबाईल काढून 'कोल्हापुरी चप्पल' असं शोधलं असेल. त्याला कोण सापडलं? सगळ्यात चांगली चप्पल करणारा कारागीर? तसं काही नाही. ज्याचं खातं आधीपासून चालू होतं, ज्यावर नाव, पत्ता, भाव आणि जुन्या गिऱ्हाईकांचे फोटो होते, तो सापडला. काही ऑनलाइन दुकानांची विक्री त्या दिवसांत वाढल्याच्या बातम्याही आल्या. ज्यानं गाजावाजा झाल्यावर खातं उघडलं, त्याच्या हाती काय लागणार? पाऊस पडायला लागल्यावर छप्पर शाकारायला घेतल्यासारखं ते.

म्हणून आजचा विषय: धंद्यासाठी सोशल मीडियाचं खातं वाढवायचं कसं, आणि वाढवलेलं टिकवायचं कसं. चप्पल हे उदाहरण झालं. तुमचा मसाला असो, गूळ असो, शिवणकाम असो की अकाउंटिंगची कामं, हिशेब तोच.

आधी माझी चूक सांगतो

क्लास नवीन सुरू केला तेव्हा मला घाई झाली होती. कुणीतरी म्हणालं, "सर, उद्योजकांचे नंबर मिळतात, यादी घ्या." घेतली. एका दुपारी चारशे अनोळखी लोकांना एकच मेसेज पाठवला. संध्याकाळी व्हॉट्सअॅप उघडलं तर नंबर बंद! वैतागलेल्या लोकांनी रिपोर्ट केलं होतं. त्याच नंबरवर माझे जुने विद्यार्थी, फीचे निरोप, सगळं होतं. चारशे परके मिळवायला गेलो आणि हातातले साठ ओळखीचे घालवून बसलो.

व्हॉट्सअॅप भारतात दर महिन्याला लाखो खाती बंद करतं, हे त्यांच्याच मासिक अहवालांत छापून येतं. त्यात सगळेच चोर नसतात. माझ्यासारखे घाईवालेही असतात.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सांगतो: खातं म्हणजे दुकान. दुकान एका रात्रीत चालत नाही, आणि दुकानाची किल्ली परक्याच्या हातात देत नाहीत.

किल्ली कुणाकडे आहे?

आपल्याकडे खातं कोण उघडतं? भाचा, नाहीतर शेजारचा कॉलेजचा पोरगा. त्याच्याच मोबाईल नंबरवर, त्याच्याच ईमेलवर. पुढं तो नोकरीला बेंगळुरूला जातो, नंबर बदलतो, आणि तुमचं दोन वर्षांचं खातं तुम्हालाच उघडता येत नाही. भाच्यानं फसवलं नाही हो, पण किल्ली त्याच्या खिशात राहिली!

तर पहिल्या दिवशी हे करा:

१. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या, स्वतःच्या नावावर. त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस चालू करा. रिचार्ज चुकवू नका, कारण बंद पडलेला नंबर कंपनी काही काळानं दुसऱ्याला देते.

२. धंद्याचा वेगळा ईमेल काढा. इन्स्टाग्राम आणि फेसबुक पेज त्याच ईमेलवर.

३. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड. वहीत लिहिलात तरी चालेल, वही कपाटात ठेवा.

४. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करून सहा आकडी पिन लावा. इन्स्टाग्रामलाही दुहेरी कुलूप लावा, आणि तिथं मिळणारे बॅकअप कोड कागदावर उतरवून घ्या.

५. फेसबुक पेजवर मदतीला कुणी हवं असेल तर पासवर्ड देऊ नका. पेजच्या सेटिंगमधून त्या माणसाला परवानगी द्या. काम संपलं की काढून घ्या.

अर्ध्या तासाचं काम आहे. पण दहातले आठजण हेच 'नंतर करू' म्हणतात.

कुलूप तोडत नाहीत, किल्ली मागून घेतात

आमच्या एका बॅचमधल्या ताईंचं मसाल्याचं खातं होतं. तीन वर्षांची मेहनत. एके दिवशी मेसेज आला, "तुमच्या पोस्टवर कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत खातं बंद होईल, अपील करण्यासाठी इथं दाबा." ताई घाबरल्या, लिंक उघडली, पासवर्ड टाकला. झालं! तासाभरात त्यांच्याच नावानं त्यांच्याच गिऱ्हाईकांना पैसे दुप्पट करायच्या योजनेचे मेसेज जायला लागले. पैशाचं नुकसान भरून निघालं. "ताई, तुम्ही असं कसं केलंत?" हे ऐकावं लागलं, ते भरून निघालं नाही.

लक्षात ठेवा, इन्स्टाग्राम असा इशारा साध्या मेसेजमध्ये लिंक देऊन पाठवत नाही. शंका आली तर लिंकला हात न लावता अॅपच्या सेटिंगमध्ये 'पासवर्ड अँड सिक्युरिटी' उघडा. इन्स्टाग्रामनं तुम्हाला खरोखर कोणते ईमेल पाठवले, त्याची यादी तिथंच दिसते. यादीत नाही म्हणजे ईमेल खोटा.

ब्लू टिक मिळवून देतो, फॉलोअर वाढवून देतो, गुगलवर नोंदणीचे पैसे भरा असे फोन आले तर सरळ ठेवून द्या. गुगलवर दुकानाची नोंद फुकट होते. विकत घेतलेले दहा हजार फॉलोअर एक जोड चप्पल घेत नाहीत. आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, समोरचा ओळखीचा वाटला तरी. त्याचंच खातं आधी चोरीला गेलेलं असू शकतं.

पहिली शंभर माणसं

आता वाढवायचं कसं? उलटं सुरू करा. अनोळखी लोकांकडे जाऊच नका. ज्यांनी तुमच्याकडून एकदा तरी काही घेतलंय, त्यांची यादी करा. प्रत्येकाला नावानं मेसेज करा: "दादा, मागच्या दिवाळीला तुम्ही आमच्याकडून चप्पल नेली होती. कशी आहे अजून? नवीन माल आला की कळवू का?" हो म्हणाले तर त्यांना तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते, आणि ज्यानं नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोहोचतो. म्हणजे ही व्यवस्थाच परवानगीची आहे. नको म्हणाले तर यादीतून नाव काढा आणि 'धन्यवाद' म्हणा. न विचारता ग्रुपमध्ये घालायचं तर मुळीच नाही.

रोज पाच माणसं. महिन्यात शंभर पार होतात. यातला प्रत्येकजण तुम्हाला ओळखतो, म्हणून रिपोर्ट करत नाही. उलट पाव्हण्यांना नंबर देतो.

दाखवायचं काय?

भाव आणि 'आजच घ्या' एवढंच टाकलंत तर लोक कंटाळतात. काम दाखवा. चामडं कसं कापतात, तळ कसा शिवतात, वेणी कशी घालतात, कापशी आणि पुकरीत फरक काय. हात दिसू देत, आवाज येऊ दे. आठवड्याला दोन व्हिडिओ पुरे, पण ठरल्या दिवशी. महिनाभर रोज आणि मग तीन महिने गप्प, असं नको.

आणि खरं तेच लिहा. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी आहे. मशीनवर केलेल्या रेक्झिनच्या मालाला 'अस्सल कोल्हापुरी' म्हणू नका, आणि दुसऱ्याच्या मालाचे फोटो आपले म्हणून टाकू नका. प्राडाला आपण नावासाठी जाब विचारला ना? मग तोच नियम आपल्यालाही.

मोठी ऑर्डर आली? थांबा!

खातं वाढलं की आनंदाचे फोन येतात, आणि फसवणारेही. ठरलेला डाव सांगतो. "मी लष्करातून बोलतोय, पन्नास जोड पाहिजेत." ओळखपत्राचा फोटो पाठवतात. भाव करत नाहीत, ही पहिली खूण! मग म्हणतात, "पैसे मिळवायला हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका."

पाठ करून ठेवा: पैसे घेताना पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच.

पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या अॅपमध्ये जमा दिसल्याशिवाय पार्सल बांधू नका. मोबाईलची स्क्रीन दिसेल असं अॅप कुणाच्या सांगण्यावरून टाकू नका. 'चुकून जास्त पैसे आले, परत पाठवा' म्हणाला तर स्वतः परत पाठवू नका, बँकेत जा. नवीन गिऱ्हाईकाची मोठी ऑर्डर असेल तर निम्मे पैसे आगाऊ घ्या. खरा व्यापारी याचा राग धरत नाही.

तरीही फटका बसला तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. खातं चोरीला गेलं असेल तर दुसऱ्या नंबरवरून गिऱ्हाईकांना आधी तुम्हीच सांगा. त्यासाठी गिऱ्हाईकांची यादी वहीतही हवी, फक्त मोबाईलमध्ये नको.

या आठवड्याचा गृहपाठ

सोमवारी सिम आणि ईमेल. मंगळवारी सगळीकडे दुहेरी कुलूप. बुधवारी जुन्या गिऱ्हाईकांची वही. गुरुवारपासून रोज पाच मेसेज. रविवारी पहिला व्हिडिओ, तुमच्या हातांचा.

कोल्हापूरचं नाव पुन्हा कधी जगभर गाजेल, सांगता येत नाही. पण पुढच्या वेळी कुणी शोधायला लागलं, तर तुमच्या दुकानाचं दार उघडं असलं पाहिजे आणि किल्ली तुमच्याच कमरेला!

चला, कामाला लागा. भेटू पुढच्या भागात.